संमतीपत्रावर वाढवलेली ओळ

माझ्या धाकट्या भावाचं बाळ बावीस दिवसांचं असताना बालशल्यचिकित्सक बाईंनी आम्हाला सांगितलं, की त्याच्या पोटात डाव्या बाजूला एक ग्रंथी असावी, जी धड अंडाशय नाही आणि धड वृषणही नाही. ती कधीच कुठलं काम करणार नाही. तिच्यात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका मात्र बराच आहे. ती काढायची, शक्यतो बाळ तीन महिन्यांचं होण्याआधी. प्रत्यक्षात ती निघाली तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं होतं. मधले दिवस कसे गेले आणि त्या उशिरात माझा वाटा काय होता, ते इथे लिहून ठेवते आहे. नावं देणार नाही. बाळ मोठं होऊन हे वाचेल. कुणाला काय सांगायचं ते त्यानं ठरवावं.

आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत आहे. भावाचं नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे. घरात आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, भाऊ, वहिनी आणि मी. घरात कन्नड, दारात मराठी, अशी आमची रीत. वहिनी मैंदर्गीची. तिचे वडील, आप्पा, तिथे शेती करतात. मी सोलापुरातल्या एका दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात सव्वीस वर्षं काम केलं. दुसऱ्यांचा मजकूर कापणं आणि नीट लावणं, हे माझं काम.

बाळाचा जन्म झाला तेव्हा प्रसूतिगृहाबाहेर आम्ही तिघं होतो. दार उघडलं की आया आधी काय झालं ते ओरडून सांगते, असा तिथला शिरस्ता. आया बाहेर आली, काहीच बोलली नाही आणि डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "बाळ रडलं, वजन चांगलं आहे. मुलगा की मुलगी, ते आज मी लिहीत नाही. बघून सांगता येत नाही आणि अंदाजानं सांगणार नाही."

भावानं खाली बघितलं. अव्वानं विचारलं, "दूध पिईल का?"

"पिईल."

"मग पाजा की."

पहिले चार दिवस बाळाच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण रोज तपासलं गेलं. अशा काही बाळांत ते अचानक घसरतं आणि जीव जातो. आमच्या बाळाचं घसरलं नाही. हृदय आणि मूत्रपिंडंही तपासली. रक्ताचा एक नमुना गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पुण्याला गेला. सोनोग्राफीसाठी बाळाला अव्वानं मांडीवर घेतलं होतं. त्या खोलीत, सगळीकडे असतो तसा, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, असा फलक होता. अव्वानं मला तो वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला.

"पोटातलं सांगत न्हाईत," ती म्हणाली. "आमचं भाईर आल्यावर बी सांगंनात."

सोनोग्राफी करणाऱ्या बाई हसल्या. त्या आठवड्यात आमच्याभोवती कुणी हसल्याची माझ्याकडे तेवढीच नोंद आहे.

घरी आल्यावर, नवव्या दिवशी, आमच्या घराण्याचे जंगम, म्हणजे लिंगायत गुरू, आले. त्यांना सगळे अय्या म्हणतात. आमच्यात गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात पोटातल्या बाळासाठी आईच्या अंगावर एक लिंग बांधतात; मग प्रत्येक बाळाला जन्मानंतर काही दिवसांत इष्टलिंग बांधतात आणि ते जन्मभर अंगावरून उतरवत नाहीत. मुलगा असो, मुलगी असो, विधी एकच. अय्यांनी काही विचारलं नाही. लिंग कापडात गुंडाळून बाळाच्या दंडाला बांधलं, कानात मंत्र सांगितला, अव्वानं दिलेलं दूध घेतलं आणि गेले. तेराव्या दिवशी पाळणा झाला. आत्या या नात्यानं नाव मी ठेवलं. आमच्याकडे मुलांचंही असतं आणि मुलींचंही असतं, असं. शेजारची एक म्हातारी पाळण्यात वाकून म्हणाली, "देवीचं लेकरू हाय हे. देवीला सोडा."

अव्वा पाळण्याची दोरी ओढत होती. "देवीची सगळीच हायत," ती म्हणाली. "तुमची तीन कवा सोडताय?"

म्हातारी पेढा घेऊन गेली.

बाविसाव्या दिवशी पुण्याचा अहवाल आला आणि शल्यचिकित्सक बाईंनी आम्हाला बोलावलं. वहिनी अजून बाळंतीण होती, घराबाहेर पडत नव्हती. भाऊ आणि मी गेलो. बाईंनी एका जुन्या कागदाच्या पाठीवर आकृती काढली. बाळाच्या काही पेशींत एक्स आणि वाय अशी दोन गुणसूत्रं आहेत, काहींत फक्त एक एक्स. उजवी ग्रंथी जांघेखाली हाताला लागते. ती बहुधा वृषण आहे, ती ठेवू, तिचा कणभर तुकडा तपासू. डावी पोटात राहिली आहे आणि तिची वाढच झालेली नाही. शरीरात वाय गुणसूत्र आहे आणि ग्रंथी अर्धवट आहे, अशा ठिकाणी गाठ धरते. तान्ह्या बाळांतही सापडलेली आहे. दुर्बिणीतून बघायचं, तशीच असली तर काढायची.

"आणि मुलगा की मुलगी?" भावानं विचारलं.

"तो वेगळा प्रश्न आहे. त्याला घाई नाही. याला आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे.

भाऊ म्हणाला, "अक्का, मला हे घरी सांगता यायचं नाही. तू लिहून दे. मैंदर्गीलाही पाठवू." मी त्याच संध्याकाळी एक पान लिहिलं. वाचणारा आधी काय विचारतो ते पहिल्या वाक्यात द्यायचं, मग घडामोड, मग तपशील, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. घरात सगळे एकच गोष्ट विचारत होते. म्हणून माझं पहिलं वाक्य होतं: बाळ मुलगा आहे की मुलगी, हे गुणसूत्रांच्या तपासणीनंतरही निश्चित सांगता येत नाही. दुसरं वाक्य: डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. गाठीचा धोका चौथ्या परिच्छेदात होता. चुकीचं त्या पानात एक अक्षरही नव्हतं. भावानं ते मोबाइलवरून मैंदर्गीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आप्पा आले. चहा नको म्हणाले, उभेच राहिले.

"कापून पोरगी करायलेत म्हणं. कुनी सांगितलंय करायला?"

"तसं नाही आप्पा," भाऊ म्हणाला.

"तसं न्हाय तर कसं? तुमच्या अक्कानंच लिवलंय की. पेपरात लिवणारी बाई, चुकीचं लिवंल व्हय?"

त्यांनी मोबाइल काढून पहिली दोन वाक्यं मोठ्यानं वाचली. सलग वाचल्यावर त्यांचा अर्थ तोच होत होता.

"पुढं वाचा," मी म्हटलं.

"पुढं काय वाचायचं? वर म्हत्त्वाचं आसतंय, खाली जाहिराती आसत्यात."

अव्वा तोवर दाराशी येऊन उभी होती. ती कन्नडमध्ये एकच शब्द बोलली: ब्याड. म्हणजे नको. आमच्या घरात हा शब्द ती क्वचित वापरते आणि वापरला की त्यावर चर्चा होत नाही. मी गाठीबद्दल बोलू लागले. आप्पांनी ऐकलं, आणि गाठ हे पोरगी करण्यासाठी काढलेलं निमित्त आहे, असं त्यांचं मत झालं. पहिल्या दिवशी डोक्यात बसलेलं दुसऱ्या दिवशीच्या खुलाशानं निघत नाही. वृत्तपत्रात हे मी अनेकदा पाहिलं होतं. खुलासे आम्ही आतल्या पानावर छापायचो.

भावानं रुग्णालयात कळवलं, नंतर बघू. शल्यचिकित्सक बाईंनी दिलेली पहिली तारीख गेली. मग दुसरी गेली. बाळाचं वजन वाढत होतं, मान धरत होतं, आवाजाकडे वळत होतं. त्याच्याकडे बघून कुणालाही तारखेची आठवण झाली नसती. त्याच्या पोटात नेमकं काय चाललं आहे, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मी दर आठवड्याला भावाशी बोलत होते आणि तो दर आठवड्याला दुकानाची किल्ली शोधत होता.

हे मोडलं वहिनीनं. तोवर या प्रकरणात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही. बाळ अडीच महिन्यांचं झाल्यावर एका सकाळी ती बाळाला घेऊन एकटीच रिक्षानं रुग्णालयात गेली. चार तासांनी परत आली. बाळाला अव्वाकडे दिलं आणि माझ्यासमोर बसली.

"अक्का, ते तुमचं पान परत लिवायचं. मी सांगते तसं."

मी वही घेतली.

"पहिली ओळ. बाळाच्या पोटात एक निकामी ग्रंथी आहे. दुसरी. ती तशीच ठेवली तर तिच्यात कॅन्सर होऊ शकतो. तिसरी. ती काढायची आहे. बास."

"आणि मुलगा की मुलगी?"

"ते ह्या पानावर न्हायच."

मी पेन खाली ठेवलं. वहिनी बारावीपर्यंत शिकलेली आहे. सव्वीस वर्षांत माझ्या मजकुरातली चूक इतक्या नेमकेपणानं कुणी दाखवली नव्हती. त्यात रागही नव्हता. काम अडलं होतं आणि ते पुढं न्यायचं होतं, एवढंच. मी तीन ओळी लिहून तिला दिल्या. तिनं 'निकामी' हा शब्द तसाच ठेवायचा का, असं विचारलं, बाईंना फोन करून खात्री केली आणि मग कागद घडी करून घेतला.

तो तिनं मोबाइलवर पाठवला नाही. "वाचून पुन्हा कायतरी दुसरंच काढत्याल," ती म्हणाली. आम्ही मैंदर्गीला गेलो. ती, बाळ आणि मी. बाजाराचा दिवस होता. आप्पा दुपारी परतले तेव्हा वहिनी कट्ट्यावर बाळाला घेऊन बसली होती. कागद तिनं काढलाच नाही.

"आप्पा, तूर टोकल्यावर एखादं बी उगवत न्हाय. मग काय होतंय त्याचं?"

"वाळतंय. न्हाय तर किडं खात्यात."

"आनि ओलीत तसंच ऱ्हायलं, उगवलं न्हाय, वाळलं बी न्हाय, तर?"

"कुजतंय. बुरशी धरतंय."

"शेजारच्याला लागतीय?"

आप्पांनी बाळाकडे बघितलं. "लागतीय की."

"कूसाच्या पोटात तसलं एक हाय. डाव्या अंगाला. उजव्या अंगाचं चांगलं हाय, त्याला हात लावत न्हाईत. डावीकडचं उगवनार न्हाय. ते काढायचंय."

कूसु म्हणजे कन्नडमध्ये तान्हं बाळ. आमच्या घरात त्याला अजूनही तसंच म्हणतात.

आप्पांनी बाळाच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आनि पोरगी?"

"कोन पोरगी? भाईरून कायबी करत न्हाईत. मी मॅडमला तीनदा इचारलं. मोठं झाल्यावर कूसु सांगंल, तवा बघायचं, म्हनल्या."

"तोंडानं म्हनत्यात. मागनं काय बी करत्यात. लिवून देत्यात का?"

"देत्याल."

"मग मी येतो."

आप्पांची अट मला तेव्हा अडाणीपणाची वाटली होती. आता वाटत नाही. न विचारता तान्ह्या बाळांवर तशा शस्त्रक्रिया केल्या गेल्याची उदाहरणं आहेत, हे मी नंतर वाचलं. कट्ट्यापाशी त्यांनी जी शंका घेतली, ती शास्त्राच्या बाजूनंही योग्य होती.

रुग्णालयातलं संमतीपत्र छापील असतं. शल्यचिकित्सक बाईंनी ते वहिनीसमोर ठेवलं. वहिनीनं वाचलं आणि खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मॅडम, हितं एक ओळ वाढवा."

"कसली?"

वहिनीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आम्ही ते करणारच नाही आहोत. मग लिहायचं कशाला?"

"करनार न्हाई म्हनूनच लिवायला अडचण न्हाई की."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, पेन उघडलं आणि मराठीत लिहिलं: या शस्त्रक्रियेत बाळाच्या बाहेरील जननेंद्रियांवर कोणताही उपचार केला जाणार नाही, मुलगा अथवा मुलगी ठरवणे हा या शस्त्रक्रियेचा हेतू नाही. खाली स्वतःची सही केली. मग भावानं आणि वहिनीनं केली. साक्षीदार म्हणून आप्पांनी केली. ते पूर्ण नाव लिहितात, सावकाश, आडनाव संपेपर्यंत कुणाला बोलू देत नाहीत. घरी ती ओळ वाचून दाखवल्यावर अव्वानं आपलं 'ब्याड' मागं घेतलं. एका निवासी डॉक्टरनं नंतर सांगितलं, की बाईंनी त्या दिवसापासून अशा प्रत्येक बाळाच्या कागदावर ती ओळ स्वतःहून लिहायला सुरुवात केली आहे.

नवी तारीख मिळायला वेळ लागला; ती आली तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं होतं. शस्त्रक्रियेच्या सकाळी आणखी एक अडथळा आला, तो आम्हा कुणाच्या लक्षात आला नव्हता. परिचारिकेनं बाळाच्या अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. दंडाचं लिंगही.

अव्वा म्हणाली, "ते निघत न्हाय."

"आजी, आत काही चालत नाही."

"मग आत बी चालत न्हाय."

परिचारिका घड्याळाकडे बघू लागली. भूल देणारे डॉक्टर आत थांबले होते. बाळ उपाशी होतं आणि रडत होतं. वहिनीनं वाद घातला नाही. तिनं भावाचा मोबाइल घेतला, अय्यांना फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं आणि मोबाइल अव्वाच्या कानाला लावला. अय्या सावकाश आणि मोठ्यानं बोलतात, त्यामुळे ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"आठव्या महिन्यात लिंग बांधलं तेव्हा कूसु कुठं होतं?"

"पोटात."

"मग लिंग कुणाच्या अंगावर बांधलं?"

"सुनंच्या."

"आईच्या अंगावर तेव्हा चाललं, मग आज दोन तास का चालणार नाही? तिच्या गळ्यात द्या. बाहेर आल्यावर परत बांधा."

अव्वानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली आणि ते वहिनीच्या गळ्यात, तिच्या लिंगाशेजारी बांधलं. परिचारिकेनं बाळाला घेतलं. अव्वानं तिला विचारलं, "बाई, तुला लेकरं किती?" ती म्हणाली, दोन. "मग सांभाळून धर," अव्वा म्हणाली.

दोन तास दहा मिनिटं लागली. वहिनी बाकावर सरळ बसून होती, दोन्ही हात गळ्याशी. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, की ग्रंथी पट्टीसारखी होती, अंदाजाप्रमाणेच, काढली आहे. डोळ्यांना गाठ दिसली नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय काही म्हणणार नाही.

तो अहवाल यायला अठरा दिवस लागले, कारण काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मुंबईला गेल्या होत्या. दुसरं मत मागवलं, याचा अर्थ काहीतरी सापडलं, हे मला कळत होतं. मी ते घरात बोलले नाही. वहिनी एकदा म्हणाली, "अक्का, तुमालाबी तसंच वाटतंय न्हवं?" मी हो म्हटलं. 

अहवाल घ्यायला आम्ही सगळे गेलो, आप्पाही आले. डाव्या ग्रंथीत गोनॅडोब्लास्टोमा सापडला होता. बाईंनी शब्द सावकाश उच्चारला आणि अर्थ सांगितला: पुढं कर्करोगात बदलू शकते अशी सुरुवातीची गाठ. आकार तांदळाच्या दाण्याहून लहान. ग्रंथीच्या बाहेर गेलेली नव्हती. ग्रंथी पूर्ण निघालेली असल्यामुळे आता औषधोपचार नाही, फक्त ठरावीक अंतरानं तपासण्या. उजव्या ग्रंथीचा तुकडा चांगला निघाला होता.

भावानं चष्मा काढला. सुरुवातीच्या माझ्या पानामुळे गेलेले दिवस त्यानं मोजले की नाही, मला माहीत नाही. मी मोजले. त्या दिवसांनी काय फरक पडला, हे मी बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, "आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर मी वेगळं काही सांगत असते." एवढंच त्यांनी दिलं, मीही तेवढंच इथे देते.

आप्पांनी घसा साफ केला. "मॅडम, मग आता पोरगं म्हनायचं का पोरगी?"

उत्तर वहिनीनं दिलं. "आप्पा, ते इचारायला आता तुमाला लई वर्सं हायत."

बाळ आता अडीच वर्षांचं आहे. घरात ते कसं वाढतं, त्याला काय म्हणतात, हे मी इथे देत नाही. उजव्या ग्रंथीवर लक्ष ठेवावं लागणार, कदाचित वयात येईपर्यंत आणि त्यापुढेही. कसं चाचपायचं, काय लागलं तर लगेच यायचं, हे वहिनीला शिकवलेलं आहे. प्रत्येक सोनोग्राफीचा कागद ती तारखेप्रमाणे लावून ठेवते आणि मागच्या कागदाशी मापं स्वतः ताडून बघते. एकदा एका अहवालात उजव्याच्या जागी डावं छापलं गेलं होतं. ते तिनं काउंटरवरच पकडलं आणि दुरुस्त करून घेतल्याशिवाय हलली नाही.

गेल्या तपासणीला शल्यचिकित्सक बाईंनी तिला थांबायला सांगितलं. बाकावर सांगोल्याकडचं एक जोडपं होतं. मेंढरं राखणारी माणसं; बाळ पाच आठवड्यांचं, घोंगडीत गुंडाळलेलं. तो माणूस सही न करताच कागद परत देऊन, उठून निघायच्या बेतात होता. वहिनी त्या बाळाच्या आईशेजारी जाऊन बसली. मी थोड्या अंतरावर उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं नाही. त्या आईनं काहीतरी विचारलं. वहिनी म्हणाली, "व्हय, माझ्या बी लेकराच्या पोटात हुतं." मग ती संमतीपत्राचा कागद मागून घेऊन त्यातली हातानं लिहिलेली ओळ त्या माणसाला वाचून दाखवू लागली. तो पुन्हा खाली बसला.